विश्लेषण : लडाखच्या ट्रेकला नऊ दिवसांची रजा का पुरत नाही?

शनिवारी निघायचे, पुढच्या रविवारी परतायचे आणि सोमवारी कामावर हजर व्हायचे. लडाखमधील अनेक ट्रेकची आखणी हल्ली या नऊ दिवसांच्या चौकटीत होते. मुंबई-पुण्याहून जाणाऱ्यांना ही चौकट सोयीची वाटते, शरीराला मात्र ती मान्य नसते. हिमालयातील उंचीवर धोका बर्फाचा आणि कड्यांचा असतोच, पण आधी असतो तो घाईचा.

लेहमध्ये उतरल्यावर शरीरात काय होते?

लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) दुपटीहून अधिक. दिल्लीहून विमान साधारण दीड तासात तिथे पोहोचवते. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तिथेही २१ टक्केच असते, पण हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशापर्यंत उतरलेला असतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात कमी प्राणवायू मिळतो. शरीर श्वासाचा वेग वाढवते, रक्तातील रासायनिक तोल मूत्रपिंडे हळूहळू सावरतात. या जुळवणीला काही दिवस लागतात. ते दिवस दिले नाहीत, तर डोकेदुखी, मळमळ, थकवा, झोप न लागणे सुरू होते. दुर्लक्ष करून वर चढत राहिल्यास फुप्फुसात पाणी साचू शकते किंवा मेंदूला सूज येऊ शकते. दोन्ही जिवावर बेतणारे असते.

दर रविवारी सिंहगड चढणाऱ्यांचे काय?

गड चढण्याच्या सरावाने पाय आणि दम तयार होतो, विरळ हवेची सवय होत नाही. उंचीचा त्रास कोणाला होईल, हे तंदुरुस्तीवरून सांगता येत नाही. उलट तंदुरुस्त माणूस वेगाने वर जातो आणि डोके दुखत असले तरी बोलत नाही. ‘आपल्यामुळे ग्रुप थांबायला नको’ ही भावना सह्याद्रीत कौतुकाची असेल, लडाखमध्ये ती घातक आहे.

मारखा खोऱ्याचे उदाहरण काय सांगते?

मारखा हा लडाखमधील लोकप्रिय ट्रेक. स्कियू, मारखा, हंकर ही गावे ओलांडत वाट निमालिंगच्या कुरणाकडे चढते. हंकर चार हजार मीटरच्या आसपास, तर निमालिंग ४,७०० मीटरच्या वर. तीन हजार मीटरच्या पुढे रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असे डॉक्टर सांगतात. म्हणून मधे थाचुंगत्सेला एक रात्र काढणे शहाणपणाचे. दिवस वाचवायचा झाला की नेमका हाच मुक्काम गळतो.

निमालिंगला कोणी आजारी पडले, तर पेच आणखी वाढतो. उपचाराचा पहिला नियम ताबडतोब खाली उतरणे हा आहे. पण परतीची गाडी कोंगमारू ला या सुमारे ५,२०० मीटरच्या खिंडीपलीकडे उभी असते. पुढे जायचे तर आधी आणखी वर चढावे लागते, खाली उतरायचे तर आल्या वाटेने मागे फिरावे लागते. रजा संपत आलेली असताना ‘एवढी खिंड पार करू, मग उतारच आहे’ असे वाटणे स्वाभाविक आहे. निर्णय चुकतो तो इथेच.

मग दिवस किती हवेत?

हिशेब सोपा आहे. शनिवारी लेह. रविवार-सोमवार विश्रांती. मंगळवारी स्कियू, बुधवारी मारखा, गुरुवारी हंकर, शुक्रवारी थाचुंगत्से, शनिवारी निमालिंग, रविवारी खिंड ओलांडून लेह, सोमवारी विमान. झाले दहा दिवस. हवामान बिघडले किंवा कोणाची तब्येत बिघडली, तर हाताशी एक दिवस हवा. म्हणजे अकरा. नऊ दिवसांत हे बसवायचे, तर विश्रांती किंवा राखीव दिवस कापावा लागतो. तेवढी रजा मिळत नसेल, तर छोटा ट्रेक निवडावा. श्रीनगर, कारगिल मार्गे रस्त्याने गेल्यास शरीर टप्प्याटप्प्याने उंचीला सरावते, पण त्यालाही दिवस लागतातच.

हे कोणी बदलायचे?

लेहला पोहोचल्यावर किमान ४८ तास विश्रांती घ्या, असे प्रशासन सांगते. पण सल्ला पाळण्याची सक्ती नाही. हिवाळ्यातील चादर ट्रेकसाठी मात्र आधी लेहमध्ये वैद्यकीय तपासणी करून घ्यावी लागते. उन्हाळ्यातील उंच ट्रेकनाही तोच नियम हवा. ‘कितीतरी लोक नऊ दिवसांत विनात्रास जाऊन येतात’ हा आयोजकांचा युक्तिवाद खरा असला तरी अपुरा आहे. त्रास होणारा एक जण कोण, हे निघण्यापूर्वी कळत नाही.

आयोजक तरी नऊ दिवस का ठरवतात? कारण आपण किंमत आणि दिवस पाहून ट्रेक निवडतो. तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारावे : लेहमध्ये किती रात्री? राखीव दिवस आहे का? एक जण आजारी पडला, तर त्याच्यासोबत खाली कोण उतरणार आणि बाकीच्यांना कोण सांभाळणार? स्पष्ट उत्तर नसेल, तर दुसरा आयोजक शोधावा. वाढलेल्या दोन दिवसांचे पैसे लेहमधील आणि वाटेवरच्या गावांतील होमस्टेवाल्यांनाच मिळतात, हाही फायदाच.

आणि डोके दुखू लागले, तर ते लगेच सोबत्याला सांगावे. त्या रात्री आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागली किंवा सरळ रेषेत चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न पाहता उतरावे. खिंड पुढच्या वर्षीही तिथेच असेल.