दूरचें व्याख्यान व जवळचा अध्यापक

आमच्या वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें आज महाविद्यालयांत शिकत आहेत. इंटरनेटनें उच्च शिक्षणांत जो पालट घडविला, त्याचा विचार त्यांच्या पालकांनींही करणें अवश्य आहे.

केंद्र सरकारनें २०१७ सालीं 'स्वयम्' हें व्यासपीठ सुरू केलें. नामांकित संस्थांतील अध्यापकांचीं व्याख्यानें त्यावर विनामूल्य ऐकतां येतात. फी पडते ती प्रमाणपत्राच्या परीक्षेची. या मार्गानें श्रेयांक मिळविण्याची मर्यादा विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१६ सालीं २० टक्के ठेविली होती, ती २०२१ सालीं ४० टक्के केली. न समजलेला भाग पुन्हा ऐकतां येतो, हा लाभ लहान नव्हे.

परंतु पीकपाहणीच्या रकान्यांत पेरा मांडला म्हणजे धान्य कणगींत आलें असें होत नाहीं. तसेंच व्याख्यान ऐकलें म्हणजे विद्या आली, असेंही नव्हे. शंका फेडणें, प्रयोग करवून घेणें, चूक दाखविणें हीं कामें समोरच्या अध्यापकाचींच होत.

म्हणून आमचें स्पष्ट मत असें कीं, व्याख्यानाचा जो वेळ वाचेल तो प्रश्नोत्तरांस व प्रात्यक्षिकांस द्यावा; या सवलतीच्या आधारें अध्यापकांच्या जागा रिकाम्या ठेवूं नयेत. प्रवेशाच्या वेळीं 'प्रात्यक्षिकें कोण घेणार?' हें पालकांनीं अवश्य विचारावें.