क्रमांक द्यावा कसा, यापेक्षा परत कधी घ्यावा?

१/ देवळाबाहेरच्या चपलांच्या स्टँडवर बिल्ला देणे सोपे असते. गोंधळ होतो तो बिल्ला परत आल्यावर. जुन्या चपला अजून खणातच असताना तोच बिल्ला पुढच्या भाविकाच्या हाती पडला, तर कोण कोणाच्या चपला घालून जाईल याचा नेम नाही. लिनक्स कर्नलमध्ये सहप्रक्रियकांना, म्हणजे जीपीयू किंवा तत्सम गतिवर्धकांना, क्रमांक वाटण्याचा इतिहास नेमका याच पेचाचा आहे. परंतु चर्चा मात्र बहुधा वाटपाच्या वेगाचीच होते.

२/ आधी हा क्रमांक कशाचा ते पाहू. आधुनिक सहप्रक्रियक थेट एखाद्या प्रक्रियेच्या आभासी पत्त्यांवर काम करू शकतो. आपली मागणी कोणत्या प्रक्रियेच्या वतीने आहे, हे त्याला प्रत्येक वेळी सांगावे लागते. त्यासाठीची खूण म्हणजे ‘पासिड’. पीसीआय एक्सप्रेसच्या मानकात ती २० बिटांची आहे, म्हणजे जास्तीत जास्त १०,४८,५७६ क्रमांक. खूण चुकली तर एका प्रक्रियेचे काम दुसरीच्या मेमरीत उतरते. येथे पणाला लागलेली गोष्ट ही आहे.

३/ वाटपाचे साधन जुनेच. जिम ह्यूस्टन यांनी २००२ साली लिहिलेली ‘आयडीआर’ आणि तेजून हिओ यांनी २००७ साली आणलेली ‘आयडीए’ ही दोन्ही, वेगळे काही सांगितले नाही तर, सर्वांत लहान मोकळा क्रमांक देतात. परिणामी नुकताच सोडलेला क्रमांक लगेच दुसऱ्याला मिळण्याचा संभव मोठा. क्रमांक केवळ कर्नलच्या तक्त्यात राहत असेल तर त्यात काही बिघडत नाही. परंतु पासिड कर्नलबाहेर, यंत्राच्या रांगांत आणि पत्त्यांच्या कॅशमध्येही जाऊन बसतो. तक्त्यातून तो पुसला म्हणून यंत्राला त्याचा विसर पडत नाही.

४/ इंटेलच्या ‘एन्क्यूसीएमडी’ या सूचनेची कथा या दृष्टीने बोधक आहे. ही सूचना प्रोसेसरच्या एका रजिस्टरमधून पासिड उचलते आणि काम थेट सहप्रक्रियकाच्या रांगेत टाकते. पहिल्या रचनेत प्रक्रियेला पासिड मिळताच तिच्या सर्व थ्रेडांच्या रजिस्टरमध्ये तो तत्काळ पोहोचवायचा होता. शेवटचे उपकरण सुटले की तो परत घ्यायचा, आणि त्यासाठी मोजदाद ठेवायची. कागदावर ही काटकसर शोभून दिसते. प्रत्यक्षात चालू थ्रेडांची रजिस्टरे बाहेरून बदलणारा भाग मुळातूनच सदोष ठरला. २०२१च्या मध्यास थॉमस ग्लाइक्सनर यांनी तो काढून टाकला आणि ही सोयच कर्नलमध्ये बंद केली.

५/ २०२२ साली, ५.१८ या आवृत्तीत, ती परतली ती हट्ट सोडून. पासिड एकदा मिळाला की प्रक्रियेच्या मेमरीचे आयुष्य संपेपर्यंत तिचाच. मोजदाद नाही, मध्येच परतफेड नाही. थ्रेडाने ती सूचना प्रथम वापरली की दोष उद्भवतो आणि त्या क्षणी कर्नल रजिस्टर भरतो. आळसच तो, पण हिशेबी आळस!

६/ तरीही चूक राहिलीच. प्रक्रिया संपताना कर्नल आधी तिची मेमरी सोडतो आणि उघड्या फाइली नंतर मिटतो. पासिड मेमरीबरोबर मोकळा होई. ड्रायव्हरला तो यंत्रातून पुसण्याची संधी मात्र फाइल मिटताना, म्हणजे उशिरा, मिळे. बिल्ला परत, चपला खणात! ५.१८ प्रसिद्ध होण्यापूर्वीच ही मुक्तता आणखी पुढे, मेमरीचा शेवटचा संदर्भ सुटेपर्यंत, ढकलण्यात आली.

७/ यावर आक्षेप असा की, अशाने क्रमांक वाया जातात. दहा लाखांच्या कोठारातून प्रत्येक प्रक्रियेने एक क्रमांक मरेपर्यंत धरून ठेवला, तर कोणते दिवाळे निघणार आहे? आक्षेपाला अर्थ आहे तो निराळ्या ठिकाणी. एएमडीचा ‘एएमडीकेएफडी’ ड्रायव्हर २०१५च्या प्रारंभी ३.१९ या आवृत्तीत आला. त्यातील जीपीयूंवर पत्त्यांच्या तक्त्यांसाठी अवघे सोळा ‘व्हीएमआयडी’ होते आणि गणनेच्या वाट्याला त्यांतील आठ. नववी प्रक्रिया आली की कोणाला तरी उठवावेच लागते. परंतु व्हीएमआयडी हे आसन आहे, पासिड हे नाव आहे. आसन पाळीपाळीने द्यावे. नाव ज्याचे त्याच्यापाशी राहू द्यावे. या दोहोंसाठी एकच धोरण राबवण्याचा मोह, माझ्या मते, अशा ड्रायव्हरांतील बहुतेक गुंतागुंतीचे मूळ आहे.

८/ पासिडच्या वाटपासाठी २०१९ साली ‘आयओएएसआयडी’ नावाची स्वतंत्र चौकट लिहिली गेली होती. २०२३ साली ती काढून टाकण्यात आली आणि तिच्या जागी साधा आयडीए आला. आयुष्याचा नियम सरळ झाल्यावर त्या चौकटीला फारसे काम उरले नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत, ६.२ आवृत्तीत, गतिवर्धकांसाठी ‘ॲक्सेल’ हा वेगळा विभाग कर्नलमध्ये उघडला. तेथे येणाऱ्या प्रत्येक नव्या ड्रायव्हरला परीक्षकांनी वाटपाच्या ओळींआधी मुक्ततेच्या ओळी दाखवायला सांगावे. यंत्राने क्रमांक विसरल्याची खात्री कोठे केली आहे, ती ओळ सापडेपर्यंत पुढचे वाचूच नये.