सूर्याआडून येणारे पाहुणे

बॉस नेहमी पाठीमागूनच का येतो, हा तमाम ऑफिसांमधला सनातन प्रश्न. लघुग्रहांचा फंडाही डिट्टो तोच. फक्त ते येतात सूर्याच्या बाजूने, जिकडे बघायची सोयच नसते!

१६ ऑगस्ट २०२० चंच उदाहरण घ्या. एसयूव्हीएवढा एक दगड हिंदी महासागरावरून, पृथ्वीपासून अवघ्या २,९५० किलोमीटरवरून सुसाट निघून गेला. आपल्याला पत्ता लागला तो गेल्यावर, काही तासांनी. शोधला कोणी? तर आयआयटी मुंबईच्या कुणाल देशमुख आणि क्रिती शर्मा या विद्यार्थ्यांनी. कॅलिफोर्नियातल्या दुर्बिणीचे फोटो ते भारतात बसून तपासत होते.

म्हणजे आपल्याला गरज आहे ती जास्त अंधाऱ्या आभाळाची? बीड जिल्ह्यातल्या आष्टीत गच्चीवर अंथरूण टाकलं की चांदण्यांचा नुसता सडा दिसतो. तिथे मी मावशीला हे सगळं रंगवून सांगत होते. तिने एकच विचारलं, ‘‘अन् दिवसा काय करतेत गं ही माणसं?’’

लाखातला प्रश्न! दिवसा हवा सूर्याचा उजेड विखुरते, आभाळ निळं होतं आणि आष्टी काय, कॅलिफोर्निया काय, दुर्बिणी आंधळ्या होतात. हवेच्या वर गेलं, की आभाळ दिवसाही काळंच. तिथे छोटी दुर्बीणसुद्धा कामाला येते.

कॅनडाचा निओसॅट हा उपग्रह सुटकेसएवढा, त्याची दुर्बीण जेमतेम १५ सेंटिमीटरची. नाश्त्याच्या प्लेटएवढी म्हणा ना! पण सूर्यापासून ४५ अंशांपर्यंत तो डोकावू शकतो. २५ फेब्रुवारी २०१३ ला त्याला वर नेलं आपल्याच पीएसएलव्हीने, श्रीहरिकोट्याहून. त्याच्याकडून अपेक्षेएवढे नवे दगड सापडले नाहीत, हेही खरं. नासाच्या ४० सेंटिमीटरच्या निओवाइजने वेगळी युक्ती केली. कित्येक लघुग्रह कोळशासारखे काळे असतात, पण उन्हात तापतात. मग उजेडाऐवजी त्यांची ऊबच पकडायची! ऑगस्ट २०२४ मध्ये निओवाइज रिटायर झालं. त्याची ५० सेंटिमीटरची वारसदार, निओ सर्व्हेयर, २०२७ मध्ये पाठवायचं ठरलंय. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला.

‘पण कळून उपयोग काय? दगड थोडाच थांबणार?’ असं म्हणाल, तर चेल्याबिन्स्क आठवा. निओसॅट उडण्याच्या बरोबर दहा दिवस आधी, १५ फेब्रुवारी २०१३ ला, रशियातल्या या शहरावर साधारण २० मीटरचा दगड हवेतच फुटला. तोही सूर्याच्याच बाजूने आलेला, त्यामुळे कुणालाच खबर नव्हती. आभाळात लख्ख उजेड झाला, म्हणून लोक बघायला खिडकीशी धावले. मागोमाग धक्का आला आणि काचा फुटल्या. दीड हजारांच्या आसपास माणसं जखमी झाली, बरीचशी त्या काचांनीच.

त्यांना आदल्या दिवशी एक एसएमएस पुरला असता, ‘उद्या सकाळी खिडकीपासून लांब राहा.’ एवढ्या एका ओळीसाठी प्लेटएवढ्या दुर्बिणी वर पाठवायच्या. सौदा स्वस्तातलाच आहे!