फुफ्फुसातल्या गाठीपर्यंतची वाट

नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या समन्वयकांस,


मी एका जिल्ह्याच्या गावी छातीविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे माझे बरेच रुग्ण टीबीचा कोर्स करून आलेले असतात. एक्स-रेत डाग दिसला, थुंकीत जंतू सापडले नाहीत, तरी गोळ्या सुरू झाल्या. ही दर वेळी हयगय नसते. आपल्याकडे टीबी इतका आहे की पहिला संशय त्याच्यावरच जातो. गाठीचा तुकडा तपासल्याशिवाय तो फिटत नाही, आणि तुकडा काढायलाच सगळे बिचकतात. सुई लावली की कॅन्सर पसरतो, ही समजूत मी समजावून काढू शकते. फुफ्फुसाला भोक पडेल ही भीती मात्र काढता येत नाही, कारण ती खरी आहे.

ती किती खरी, हे दाखवणारा अमेरिकेतल्या सात केंद्रांचा अभ्यास २०२५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. गाठी एक ते तीन सेंटिमीटरच्या. छातीतून सुई घातलेल्या २८.३ टक्के रुग्णांत फुफ्फुसाभोवती हवा शिरली. सीटीच्या नकाशावरून श्वासनलिकेतून गेल्यावर हे प्रमाण ३.३ टक्के होते. निदानात ही पद्धत कमी पडली नाही.

याच वाटेने आता रोबोट जातो. त्याची साडेतीन मिलिमीटर जाडीची नळी फाटे घेत फुफ्फुसाच्या कडेजवळ पोचते आणि अवजार बदलतानाही जागा सोडत नाही. तरी नेम चुकतो. सीटी काढताना रुग्णाने श्वास भरून धरलेला असतो. भूल दिल्यावर फुफ्फुस आकसते आणि गाठ सरकते. टेबलाभोवती फिरणारे कोन-बीम सीटी असेल, तर सुईचे टोक गाठीत आहे की शेजारी, हे तिथल्या तिथे दिसते. माझा कौल आधी या प्रतिमेला आहे, रोबोटला त्यानंतर.

एकत्रित खरेदी करून आपण कॅन्सरची औषधे स्वस्त मिळवलीत. तसेच या यंत्रांचे करा. रोबोट मोजक्या मोठ्या केंद्रांत असू द्या. सरकारी मेडिकल कॉलेजांना आधी प्रतिमायंत्र द्या, आणि नमुन्याची काचपट्टी त्याच खोलीत पाहणारा पॅथॉलॉजिस्टही. नमुना अपुरा निघाला तर ईजीएफआर, एएलके या जनुकांच्या तपासण्या होत नाहीत, आणि रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागते.

यंत्र जिथे जाईल तिथल्या प्रत्येक बायोप्सीची नोंद सक्तीची करा: गाठ केवढी, निदान झाले का, हवा शिरली का. खरेदीच्या अटी ठरवताना जिल्ह्यांतल्या डॉक्टरांनाही बोलवा. मी यायला तयार आहे.

आपली,
एक छातीविकारतज्ज्ञ