मृत साठ्यातही जीव असतो, राजेहो!

धरण मृत साठ्याकडे चाललं अशी बातमी आली, की आपण अकोलेकर एकच विचारतो, नळ आता किती दिवसाआड? २०१७ चा पावसाळा दगा देऊन गेला, तेव्हाही आपली नजर काटेपूर्णाच्या टक्केवारीवरच होती. पण महानचं धरण म्हणजे काही फक्त आपली टाकी नाही. १९८८ पासून त्याच्याभोवती अभयारण्य आहे. चौसिंगा, भेकर, हिवाळ्यात येणारी बदकं, सगळ्यांचं पाणी तेच.

पाणी उथळ झालं की लवकर तापतं, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. म्हणून पहाटे मासे वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात. मरळ, मागूर हवेतला श्वास घेऊन थोडे दिवस तग धरतात. रोहू, कटला आधी जातात. मग पाखरं उपाशी, आणि भोई समाजाचं जाळंही रिकामं.

माणसाला पाणी आधी, यात वादच नाही. खारपाणपट्ट्यातल्या गावांना तर विहिरीचंही गोड पाणी नाही. पण फुटलेल्या पाइपलाइनीतून नालीत जाणारं पाणी कोणाची तहान भागवते, सांगा बरं?

मागण्या दोनच. ‘गाळमुक्त धरण’ योजनेत गावतलाव उपसताना तळ सपाट करू नका, माशांसाठी खोल डोह ठेवा. आणि काटेपूर्णात एक पातळी ठरवा, जिच्याखाली पिण्याशिवाय एकही मोटार चालणार नाही. ती खूण फायलीत नको भाऊ, धरणाच्या भिंतीवर मारा. सर्वांना दिसली पाहिजे.