चुन्याचा हिशोब कोणी तपासायचा?



हंगाम सुरू झाला की आपली सर्वांची नजर वजनकाट्यावर असते, आणि ती असायलाच हवी. पण काट्यावरून गव्हाणीत गेलेल्या उसाचे पुढे काय होते, याची विचारपूस आपण क्वचितच करतो. उतारा घसरला की मात्र "आम्हाला चुना लावला" म्हणून मोकळे होतो. आमचे म्हणणे एवढेच, की रसाला जो खरा चुना लागतो त्याचा हिशोब आधी समजून घ्यावा.

चुना आपल्याला नवा नाही. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी टाकतो आणि रसाचा रंग पाहून हात आखडतो. एका काहिलीपुरते हे ठीक आहे. रोज हजारो टन ऊस गाळायचा तर नुसत्या नजरेवर भागत नाही.

उसाचा रस मुळात आंबट. त्याचा सामू ५ ते ५.५ च्या आसपास असतो. माती परीक्षणाच्या कागदावर असतो तोच हा सामू. ७ म्हणजे धड आम्ल नाही, धड आम्लारी नाही. सामू एका अंकाने उतरला की आम्लपणा दसपट होतो, हे ध्यानात ठेवावे. तापलेला रस आंबट राहिला तर साखर फुटते. ३४२ किलो साखर १८ किलो पाणी घेते आणि तिचे ३६० किलो ग्लुकोज-फ्रुक्टोज होते. त्याचे दाणे पडत नाहीत, ते मळीत जाते. म्हणजे वजन वाढले, पण पोत्यात काही आले नाही! उलट चुना जास्त झाला, तर रस काळवंडतो आणि बाष्पीभवनाच्या नळ्यांत खपली धरते. मग गाळप थांबवून कॉस्टिक सोड्याने नळ्या उकळत बसा. म्हणून रस ७ च्या आसपासच राखावा लागतो.

आता आकडेमोड. ५६ किलो शुद्ध कळीच्या चुन्यात १८ किलो पाणी मुरले की ७४ किलो विरलेला चुना होतो. ३२ किलो गंधक जळून ६४ किलो सल्फर डायऑक्साइड वायू होतो, आणि तो मारायला हा ७४ किलो विरलेला चुना पुरतो. थोडक्यात, किलोभर गंधकाला पावणेदोन किलो शुद्ध कळीचा चुना. रसाच्या स्वतःच्या आंबटपणाला लागेल तो वेगळा. पण चुना शंभर नंबरी कुठे मिळतो? तो ७० टक्के असला, तर पावणेदोनचे अडीच किलो होतात. स्वस्त म्हणून घेतलेला चुना असा महाग पडतो.

दुधाचेही तेच. १० बॉमेच्या चुन्याच्या दुधात लिटरला सुमारे ९४ ग्रॅम चुना असतो, १५ बॉमेच्या दुधात सुमारे १४८ ग्रॅम. भांडे तेच, पण चुना दीडपट! दुधाचा दाटपणा न मोजता नुसता नळ सोडला, तर रसाचा सामू हातात राहणार कसा?

यात आपले काय जाते? समजा, हंगामात ५ लाख टन गाळप झाले आणि उतारा ०.१ टक्क्याने घटला, तर ५,००० क्विंटल साखर गेली. २०२२-२३ च्या हंगामापासून एफआरपीसाठी १०.२५ टक्के हा पायाभूत उतारा धरला आहे, आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला जादा दर मिळतो. तेव्हा प्रयोगशाळेतली चूक शेवटी आपल्याच बिलात उतरते.

म्हणून आमची मागणी आहे, की रसाचा सामू, चुन्याची शुद्धता आणि शंभर टन उसामागे लागलेला चुना, हे तीन आकडे रोज फलकावर लिहावेत. केमिस्टवर आमचा अविश्वास नाही. उलट, चुना हलका आला तर तो परत पाठवायला सभासदांचे बळ त्यांच्या पाठीशी राहील.

आणि आपणही आपल्या पायाखाली पाहावे. जळालेला, चार-चार दिवस फडात पडलेला ऊस आणला, की रस जास्त आंबट येतो आणि चुनाही जास्त खातो. तोडलेला ऊस त्याच दिवशी, पाचट-माती झाडून गव्हाणीत पोचवणे हे आपले काम आहे. ते आपण चोख करू, आणि मग फलकापुढे उभे राहून हक्काने जाब विचारू.