दिवाळीचा रंग आणि पेरणीचा पैसा

सोयाबीन बाजारात गेले, हातात चार पैसे आले, की घरात पहिला विषय निघतो तो रंगाचा. दिवाळी तोंडावर आलेली असते. शेजाऱ्याने पिवळ्या रंगाची भिंत केलेली असते. त्यातून मुलीला बघायला पाहुणे यायचे असतील तर विचारूच नका. मग डिस्टेंपरचे डबे येतात, रंगारी येतो, नवे पडदे येतात. आणि पंधरा दिवसांनी हरभऱ्याच्या बियाण्यासाठी कुणाच्या तरी दारात उभे राहण्याची वेळ येते.

घर सजवू नका, असे सांगायला हा लेख लिहिलेला नाही. वर्षभर मातीत राबणाऱ्या माणसाला चांगल्या घरात बसावेसे वाटले तर त्यात गैर काय? माझे म्हणणे एवढेच, की ही हौस स्वतःच्या हाताने आणि शेतातल्या मालाने भागते. दिवाळी आणि रब्बीची पेरणी एकाच सुमारास येतात. एकरी २५ ते ३० किलो हरभरा लागतो, वर बीजप्रक्रिया, खत आणि मजुरी आहेच. रंगाच्या दुकानात भाव विचारा, मग बियाण्याचा भाव विचारा, आणि दोन्ही आकडे एका कागदावर मांडून बघा. जास्त बोलायची गरज पडणार नाही.

आता भिंतीचे बघू. आपली बरीच घरे अजून मातीची किंवा दगड-मातीची आहेत. अशा भिंतीत ओल असते आणि ती बाहेर पडावी लागते. वरून तेलरंग फासला की ओल आत कोंडते आणि पुढच्या पावसाळ्यात पोपडे निघतात. म्हणजे पैसे गेले ते गेलेच. चुना ओल कोंडत नाही. म्हणूनच जुनी माणसे भिंतींना चुनाच देत आली.

चुना तयार करण्याची रीत सोपी आहे. लोखंडी पिंपात किंवा रांजणात आधी पाणी घ्या आणि मग कळीच्या चुन्याचे खडे थोडे थोडे टाका. उलटे करू नका. चुना उकळतो, अंगावर उडतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो. पोरांना लांब ठेवा आणि प्लॅस्टिकची बादली वापरू नका. एक-दोन रात्री मुरू द्या, कापडातून गाळा, दुधासारखा पातळ करा. त्यात खळ किंवा डिंकाचे पाणी, मूठभर मीठ आणि चिमूटभर नीळ घाला. भिंत झाडून, किंचित ओली करून दोन-तीन पातळ हात द्या. घायपाताचे पान ठेचून कुंचा घरीच होतो. खाली दोन वीत गेरूचा पट्टा ओढा. पावसाचे शिंतोडे दिसत नाहीत आणि घर उठून दिसते.

दार-चौकटीला जवसाचे कच्चे तेल चिंधीने चोळा. लाकूड पाणी पीत नाही आणि झळाळी येते. मात्र त्या तेलकट चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. त्या आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उन्हात मोकळ्या पसरून वाळवा.

जुन्या लुगड्यांची वाकळ, गोणपाटाचे पायपुसणे, भाताच्या लोंब्यांचे तोरण, बांबूच्या कामट्यांचा आकाशकंदील हे सगळे आपल्याकडे होतेच. मध्येच आपल्याला त्याची लाज वाटू लागली. गंमत बघा. जानेवारी २०२१ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने शेणापासून केलेला रंग डब्यात भरून बाजारात आणला. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे शहरातले लोक चौकटीत लावतात, आणि ती कला जगापुढे नेणारे जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. शहर ज्याचे पैसे मोजते ते आपल्या अंगणात फुकट पडले आहे, आणि आपण म्हणतो, 'लोक काय म्हणतील?'

आता ज्यासाठी मुद्दाम लेखणी उचलली ते सांगतो. काटकसर चांगली, पण तिलाही कुंपण हवे. गावात फिरताना दिसते, कीटकनाशकाचा रिकामा डबा धुऊन त्यात तुळस लावलेली असते. कुठे बाटलीत रॉकेल, तर कुठे चक्क मोरीत पाण्याचा डबा म्हणून. 'साहेब, चांगला धुतलाय की!' असे उत्तर मिळते. डबा कितीही धुवा, विषाचा अंश राहतोच, आणि डब्यातली तुळस लहान मूल तोडून खाते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते विसरू नका. डब्यावरचा त्रिकोण लाल असो, पिवळा, निळा की हिरवा, डबा घरात येता कामा नये. औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा फडताळात अंथरू नका, कंदिलालाही लावू नका. प्रक्रिया केलेल्या रंगीत बियाण्याची पिशवीही तशीच. युरियाची गोणी धुऊन ओट्यावर अंथरायला चालेल, पण तिच्यात धान्य भरू नका.

मग डब्याचे करायचे काय? तीनदा विसळा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. डब्याला भोके पाडा, चेपा, आणि वस्ती व विहिरीपासून दूर खोल पुरून टाका. कीटकनाशक नियम, १९७१ मध्येही रिकामे डबे पुन्हा वापरात येऊ नयेत म्हणून ते फोडून वस्तीपासून दूर पुरावेत असे सांगितले आहे.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींनाही एक विनंती. २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, तेव्हा कितीतरी गावांनी श्रमदानातून रूप पालटले. तीच रीत अंगणवाडी आणि शाळेच्या मातीच्या भिंतींना लावा. एक रविवार चुना द्यायला, दुसरा गावातले रिकामे डबे गोळा करून गावाबाहेर पुरायला. ग्रामसभेत हा विषय घ्यायला पैसा लागत नाही.

आणि बंधूंनो, सारवणे आणि चुना देणे हे 'बायकांचं काम' म्हणून पारावर बसू नका. सोयाबीन काढायला ती तुमच्याबरोबर होतीच. मग भिंतीला हात द्यायला तुम्ही का नको? दोघांनी मिळून दोन दिवसांत घर होते.

ऋण काढून सण करण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. यंदा ती मोडून बघा. पाहुण्यांना भिंतीचा रंग दिवसभर लक्षात राहतो. रानात हरभरा उगवलेला दिसला, तर ते घर त्यांच्या वर्षभर लक्षात राहील.